घरातल्या नळांना प्लॅस्टिकचे पाइप की तांब्याचे? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन फ्लॅटचं इंटिरियर असो, गावठाणातलं जुनं घर उकलून काढायचं असो की मखमलाबादकडे बंगला बांधायला घेतला असो, प्लंबिंगची वेळ आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते ज्या भाषेत विचारले जातात त्याच भाषेत इथे घेतले आहेत.

आधी थेट सांगा, काय घ्यायचं?

भिंतीत गाडायच्या लायनीला सीपीव्हीसी (सायीच्या रंगाचा प्लॅस्टिकचा पाइप), गरम आणि थंड दोन्हींसाठी. गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या थंड पाण्याच्या मुख्य लायनीला यूपीव्हीसी (पांढरा प्लॅस्टिकचा) चालतो. गिझरची जोडणी आणि सोलरच्या टाकीतून निघणारी सुरुवातीची काही फूट लाइन मात्र धातूची हवी, आणि तिथे तांबं उत्तम. सबंध घराला तांबं घालायचा विचार असेल तर आधी माणूस शोधा, मग माल. पाइप कोणताही असो, गळतो तो बहुतेक वेळा जॉइंटला. त्यामुळे पाइपाच्या जातीइतकाच जॉइंट मारणाऱ्याचा हात बघावा लागतो. खालची काही उत्तरं त्याबद्दलच आहेत.

प्लॅस्टिक म्हणजे नक्की कोणतं? दुकानात चार रंगांचे पाइप दाखवतात.

पांढरा, जाड, बहुधा आट्यांचा (चुडीचा) किंवा सोल्यूशन लावून बसणारा तो यूपीव्हीसी. हा फक्त थंड पाण्याचा. पाणी तापलं की त्याची दाब सोसायची ताकद झपाट्याने कमी होते, म्हणून गिझरच्या पुढे तो लावायचा नाही. कोणी कितीही सांगितलं तरी नाही.

फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचा तो सीपीव्हीसी. पीव्हीसीच्याच रेणूत जास्तीचा क्लोरीन घातलेला असतो आणि त्यामुळे तो ८२ अंश सेल्सियसपर्यंतचं पाणी दाबाखाली वाहून नेऊ शकतो. याचं भारतीय मानक आयएस १५७७८. गंमत अशी की सीपीव्हीसीची मापं तांब्याच्या नळीवरूनच घेतलेली आहेत. अर्ध्या इंचीचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी, पाऊण इंचीचा २२.२ मिमी, हे सगळं तांब्याच्या नळ्यांचं जुनं अमेरिकन माप. म्हणूनच जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) जुना पाऊण इंची पाइप आणि सीपीव्हीसीचा पाऊण इंची शेजारी धरले तर सीपीव्हीसी बारीक दिसतो. ग्राहकाला वाटतं दुकानदाराने लहान साइझ दिली.

हिरवा (कधी पांढरा) जाड भिंतीचा तो पीपीआर. याला सोल्यूशन लागत नाही. २६० अंशांवर तापलेल्या मशीनने पाइप आणि फिटिंग दोन्ही वितळवून एकमेकांत बसवतात. जॉइंट एकजीव होतो, त्यामुळे हॉस्पिटल, हॉटेल, होस्टेलच्या कामात तो आवडतो. मात्र मशीन भिंतीच्या कोपऱ्यात फिरवायला जागा लागते आणि दुरुस्तीच्या वेळी मशीनवाला परत बोलवावा लागतो. घरगुती कामात तेवढ्यामुळेच तो मागे पडतो.

चौथा, आत अॅल्युमिनियमचा थर असलेला, वाकवता येणारा कंपोझिट पाइप. गुंडाळीत येतो. हाताने वळतो म्हणून कोपऱ्यातले एल्बो वाचतात. पितळी फिटिंग महाग पडतात.

शेतातले पीव्हीसी पाइप उरले आहेत. घराला वापरले तर?

दिंडोरी, पिंपळगावकडच्या बंगल्यांच्या कामात हे हमखास निघतं. द्राक्षाच्या मळ्यातले करडे पाइप चार किलो किंवा सहा किलो दाबाचे असतात, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब ते सोसतात. विहिरीपासून घराजवळच्या जमिनीतल्या टाकीपर्यंत पाणी आणायला बेलाशक वापरा. भिंतीत गाडायला आणि प्रेशर पंपाच्या पुढे लावायला नको.

एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ मध्ये काय फरक? प्लंबर म्हणतो सगळं सारखंच.

सारखं नाही. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान तेवढी भिंत जाड. एसडीआर ११ साध्या तापमानाला सुमारे २८ किलोचा दाब घेतो, पण तोच पाइप ८२ अंशांच्या पाण्याला फक्त ७ किलोचा. एसडीआर १३.५ चे हेच आकडे साधारण २२.५ आणि ५.६. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो असतो. सात मजली इमारतीत तळमजल्याला फार तर दोन-सव्वादोन किलो. म्हणजे हिशेबाने दोन्ही चालतात. तरी भिंतीत गाडायच्या गरम लायनीला ११ च घ्या, कारण नळ पटकन बंद केल्यावर बसणारा धक्का आणि प्रेशर पंपाचा दाब या आकड्यात धरलेला नाही. किमतीतला फरक सबंध बाथरूमला एका बऱ्या शॉवरएवढाही होत नाही.

तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणतात. मग तांब्याच्या पाइपातून आलेलं का नको?

नको असं कोणी म्हणत नाही. अमेरिका, इंग्लंडमध्ये घरोघर तांब्याच्या लायनी आहेत आणि लोक ते पाणी पितात. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू टिकत नाहीत हेही खरं. पण आपल्याकडे भांडी बाजारातून आणलेल्या तांब्यात रात्री भरून ठेवलेलं पाणी आणि पाइपातलं पाणी यात हिशेबाचा फरक आहे.

तांब्यात लिटर-दीड लिटर पाणी असतं आणि आपण तो घासतो, चिंच-मीठ लावून लख्ख करतो. पाइप घासता येत नाही. पण तिथे त्याची गरजही नाही, कारण काही महिन्यांत आतून ऑक्साइड आणि क्षारांचा पातळ थर बसतो आणि तोच तांब्याचं रक्षण करतो. पाणी आम्लधर्मी असेल तर मात्र हा थर टिकत नाही, तांबं पाण्यात उतरत राहतं. बेसिनवर नळाखाली हिरवट-निळा डाग धरू लागला तर समजा की हेच चाललं आहे.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २ मिलिग्रॅम. महापालिकेच्या पाण्याला ही अडचण सहसा येत नाही. तरी रात्रभर साचलेलं पहिलं पाणी पिण्याला न घेता झाडांना घालावं, आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी तर नक्कीच घेऊ नये.

एक गोष्ट ठाम: आरओ मशीनमधून बाहेर पडलेलं पाणी तांब्याच्या लायनीतून फिरवू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, पाणी भुकेलं असतं, आणि ते तांबं खातं. आरओचं शुद्ध पाणी दुसऱ्या नळाला न्यायचं तर फूड ग्रेड प्लॅस्टिकची नळीच हवी.

तांब्याचं काम किती महाग पडेल?

दर रोज बदलतो, म्हणून भाव सांगण्यापेक्षा हिशेबाची पद्धत सांगतो. १५ मिमीची, १ मिमी जाड तांब्याची नळी मीटरला साधारण ३९० ग्रॅम भरते. २२ मिमीची, तेवढ्याच जाडीची, सुमारे ५९० ग्रॅम. समजा दोन बाथरूम, एक किचन आणि ड्राय बाल्कनी मिळून ४० मीटर बारीक आणि २० मीटर जाड नळी लागली, तर १५.६ आणि ११.८ मिळून सत्तावीस किलोच्या पुढे नुसतं तांबं झालं. त्याला त्या दिवसाच्या किलोच्या भावाने गुणा. त्यावर नळी ओढायची मजुरी, फिटिंग, सिल्व्हर रॉड, गॅस, इन्सुलेशन आणि कारागिराची मजुरी. आलेल्या आकड्याशेजारी सीपीव्हीसीचं कोटेशन ठेवलं की निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.

तांबं मोडीत विकलं जातं, हे त्याच्या बाजूने सांगतात. खरं आहे. पण भिंतीत गाडलेलं तांबं काढायला भिंत फोडावी लागते, आणि गच्चीवरचं उघडं तांबं तुमच्याआधी दुसराच कोणी मोडीत नेतो. एसीच्या आउटडोअर युनिटच्या नळ्या कापून नेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

आमचा एसीवाला म्हणतो, तांब्याच्या पाण्याच्या लायनी मी करून देतो. द्यावं का?

जोड मारता येतो म्हणजे प्लंबिंग येतं असं नाही. एसीवाल्याला ब्रेझिंग (रॉड वितळवून नळ्या झाळणं) छान येतं, हात बसलेला असतो. पण त्याच्याकडच्या नळ्या मऊ, गुंडाळीतल्या आणि पाव, तीन अष्टमांश, अर्धा, पाच अष्टमांश इंचाच्या मापाच्या. पाण्याच्या लायनीला कडक, सरळ लांबीची १५, २२, २८ मिमी नळी लागते. दोन्हींची फिटिंग एकमेकांत बसत नाहीत. मग थोडं फुगवून, थोडं ठोकून बसवलं जातं. तसला जोड आज गळत नाही, गळायला लागतो तो टाइल्स बसून सहा महिने झाल्यावर.

त्याला तीन गोष्टी विचारा. पाण्याच्या लायनीचं काम आधी कुठे केलं आहे आणि ते बघता येईल का? झाळायला कोणता रॉड वापरणार, त्यात शिसं आहे का? आणि फ्लक्स (झाळताना जोडाला लावायचं रसायन) धुऊन काढणार का? नळीच्या आत राहिलेला फ्लक्स तांबं कुरतडतो, बाहेर काही दिसत नाही. तिन्ही उत्तरं नीट आली तर हरकत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाइपिंग केलेले फिटर नाशिकमध्ये आहेत. त्यांच्यातला कोणी घरगुती काम घ्यायला तयार असेल तर तो जास्त चांगला.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फार जड. तांबं खराब होईल का?

नाशिकच्या खाली सगळा काळा पाषाण. त्यातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. त्या मानाने गंगापूर, मुकणे, दारणा धरणांचं पाणी मऊ. टँकरचं पाणी कोणत्या विहिरीतून भरलं यावर ठरतं.

जड पाण्याने तांबं खराब होत नाही, उलट क्षारांचा थर त्याला झाकतो. त्रास होतो तो गरम लायनीत. पाणी तापलं की क्षार बाहेर पडतात आणि गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या छिद्रांत, नळाच्या जाळीत धरतात. सीपीव्हीसी आतून गुळगुळीत असल्यामुळे तिथे थर कमी बसतो, पण गिझर कोणत्याही पाइपाला जोडला तरी तो भरायचा तेवढा भरणारच. पाण्याची तपासणी करून घ्या. मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि कमाल ६०० आहे. आकडा त्याच्याही वर गेला तर पाइपाची चर्चा बाजूला ठेवा आणि सॉफ्टनरचा (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचा) विचार करा.

गिझरला सीपीव्हीसी सरळ जोडला तर चालतो का?

नाही. गिझरच्या नळकांड्याजवळची उष्णता थेट प्लॅस्टिकच्या आट्यांवर येते. शिवाय थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी ८२ च्या वर जायला वेळ लागत नाही. म्हणून भिंतीतल्या सीपीव्हीसीच्या तोंडाला पितळी आट्यांचा एल्बो आणि तिथून गिझरपर्यंत तांब्याची किंवा स्टीलच्या जाळीची जोडनळी. प्लॅस्टिकच्या आट्यांचा एमटीए (बाहेरून आटे असलेलं जोडफिटिंग) गिझरला कधीच लावू नका. तो कसताना तडकतो आणि तडा मात्र चार महिन्यांनी दिसतो. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारून बंद करणारे प्लंबर आहेत. अशा माणसाला दुसरं कुठलंच काम देऊ नका.

आणि सोलर?

सोलरमध्येच तांब्याची खरी गरज दिसते. काचेच्या नळ्यांचा सोलर नाशिकच्या उन्हात जोरात चालतो. मे महिन्यात चार दिवस गावाला गेलात, पाणी वापरलंच नाही, तर टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ पोहोचतं. आल्यावर नळ उघडला की ते सगळं पहिल्यांदा टाकीजवळच्या पाइपात उतरतं. तो सीपीव्हीसी असेल तर आधी मऊ पडतो, मग क्लॅम्पांच्या मधे झोळ पडतो आणि शेवटी जॉइंट सुटतो. म्हणून टाकीच्या गरम तोंडापासून निदान खाली येणाऱ्या डक्टपर्यंतची लाइन धातूची ठेवा, वर इन्सुलेशन घाला, आणि इन्सुलेशनवर उन्हाने न कुजणारं आवरण. हवा बाहेर जायची उभी नळी कधी बंद करायची नाही. पक्षी घरटं करतात म्हणून कापड कोंबलेलं पाहिलं आहे.

थंडीत गरम पाणी यायला फार वेळ लागतो. तांब्याने फरक पडेल?

थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडचा त्याच्याही खाली, तेव्हा हा प्रश्न रोज येतो. तांब्याने फरक पडेल, पण उलटा. तांबं उष्णता पटकन ओढून घेतं, सीपीव्हीसी जवळजवळ नाहीच. उघड्या तांब्याच्या लायनीतलं गरम पाणी भिंतच तापवत बसतं. तांबं घालायचंच तर इन्सुलेशनसकट घाला.

वेळ लागण्याचं मूळ कारण पाइपात अडकलेलं गार पाणी. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गिझरपासून नळ १२ मीटरवर असेल तर तीन लिटर थंड पाणी सोडल्याशिवाय गरम येणार नाही. तीच लाइन अर्ध्या इंचीची ठेवली तर दीड लिटर. म्हणून मोठ्या पाइपाचा हट्ट इथे नडतो. एकाच बाथरूमला जाणारी गरम लाइन अर्ध्या इंचीची पुरते. आणि गिझर बाथरूमजवळच असेल तर हा प्रश्नच राहत नाही.

सीपीव्हीसीचे जॉइंट सुटतात, असं शेजारी सांगतात. खरं आहे का?

सुटतात, पण आपोआप नाही. भिंत फोडून काढलेला खराब जॉइंट हातात घेऊन पाहिला की कारण बहुतेक वेळा समोरच दिसतं.

सगळ्यात जास्त सापडतं ते चुकीचं सोल्यूशन. सीपीव्हीसीचं सोल्यूशन वेगळं, यूपीव्हीसीचं वेगळं. सीपीव्हीसीचं बहुधा पिवळं-केशरी असतं. प्लंबरच्या पिशवीत दोन्ही डबे असतात आणि संध्याकाळी सहा वाजता हाताला लागेल तो उघडला जातो. थंड लायनीत ते खपून जातं, गरम लायनीत नाही. डब्यातलं सोल्यूशन घट्ट जेलीसारखं झालं असेल तर तो डबा फेकायचा. त्यात थिनर घालून पातळ करणारे भेटतात, त्यांना थांबवा.

दुसरं, पाइप हॅक्सॉने वाकडा कापलेला आणि तोंडावरचा कीस तसाच. वाकडं तोंड फिटिंगच्या तळाला टेकत नाही, एका बाजूला मोकळी जागा राहते. कीस राहिला की आत सरकताना तो सोल्यूशन खरवडून पुढे ढकलतो. जॉइंट मारायची पद्धत अशी: कटरने सरळ कापा, बाहेरची कड थोडी तासा, आतला-बाहेरचा भाग कोरड्या फडक्याने पुसा, दोन्हींना सोल्यूशन लावा, आत ढकलताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. या शेवटच्या अर्ध्या मिनिटातच सगळी घाई होते. धरून न ठेवलेला पाइप स्वतःच मागे सरकतो. जॉइंट नीट बसला की फिटिंगच्या तोंडाभोवती सोल्यूशनची सलग बारीक कडी दिसते. कडी कुठे तुटली असेल तर तो जॉइंट कापून नवीन मारायला सांगा. कुरकुर करेल, करू द्या.

तिसरं कारण फारसं कोणाला माहीत नसतं. सीपीव्हीसीला तेल चालत नाही. आट्यांवर सफेदा आणि सूत गुंडाळायची जुनी सवय जीआयला ठीक होती. सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला हळूहळू तडे पाडतं. त्याला फक्त टेफ्लॉन टेप. वाळवीचं औषध, फोम, मऊ पीव्हीसीच्या वायरी, खाद्यतेल हेही त्याला लागून नकोत. वाळवीवाला भिंतीत भोकं पाडून औषध सोडतो, त्याला लायनी कुठून गेल्या आहेत ते आधी दाखवा.

आणि पसरण. हिवाळ्यातलं पाणी आणि गिझरचं पाणी यात ४० अंशांचा फरक धरला तर १० मीटर सीपीव्हीसी पंचवीस मिलिमीटरच्या वर लांबतो. तेवढंच तांबं जेमतेम सात मिलिमीटर. म्हणून डक्टमधल्या लांब गरम लायनीला वळसा किंवा मोकळा कोपरा द्यावा लागतो आणि क्लॅम्प आवळून ठेवायचे नसतात. पाइप त्यातून सरकला पाहिजे.

टेस्टिंग खरंच लागतं का? बिल्डर म्हणतो, नळ सोडून बघा की.

नळ सोडून काहीच कळत नाही. गच्चीच्या टाकीचा दाब वरच्या मजल्यावर जेमतेम तीन-चार मीटरचा, त्यात कच्चा जॉइंटही तग धरतो.

शेवटचा जॉइंट मारल्यावर एक दिवस थांबा. सगळ्या तोंडांना प्लग लावा. लायनीत पाणी भरताना सर्वांत वरचं तोंड उघडं ठेवून हवा काढा. मग हातपंपाने दाब १० किलोपर्यंत चढवा आणि पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा. काटा काही तास, शक्यतो रात्रभर, जागचा हलता कामा नये. थोडा उतरला तर "हवा असेल" हे उत्तर एकदाच ऐकून घ्या. हवा काढून परत चढवायला लावा. कॉम्प्रेसरच्या हवेने मात्र टेस्टिंग करू देऊ नका. दाबलेल्या हवेने प्लॅस्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात.

काटा रात्रभर टिकला की प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि त्यात मोजटेप लावून ठेवा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना हाच फोटो शोधाल.

गच्चीवरच्या पाइपाला ऊन लागून काय होतं?

यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी दोन्ही उन्हाने ठिसूळ होतात. रंग उडतो, आणि काही वर्षांनी पाय लागला तरी तुकडा पडतो. वर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग फिक्या छटेचा द्या. ऑइल पेंट नको, कारण वर सांगितलंच. तांब्याला उन्हाचं काही नाही.

उंदीर पाइप कुरतडतात का?

डक्टमध्ये, फॉल्स सीलिंगवर कुरतडतात. तांब्याला दात लागत नाहीत. डक्टची जाळी बंद ठेवली तर दोन्ही टिकतात.

जुन्या नाशकात वाडा आहे. भिंती विटा-मातीच्या, लाकडी खांबांच्या. लाइन कशी न्यायची?

झिरी मारू नका. मातीच्या भिंतीला खोल खाच पाडली की ती तिथून सुटते, आणि पुढे पाइप गळला तर ओल लाकडाच्या पाटणीपर्यंत जाते. लायनी उघड्या, क्लॅम्पवर न्या. इथे मात्र आमची शिफारस बदलते. दिसणारी, चौकातल्या उन्हात येणारी, भिंतीपासून दोन बोटं सुटी असलेली लाइन तांब्याची असेल तर ती वाड्याला शोभते, झोळ धरत नाही आणि गळली तर लगेच दिसते. सीपीव्हीसीला दर तीन फुटांवर क्लॅम्प लागतो, उघड्यावर तो लवकर पिवळा पडतो आणि रंग द्यावा लागतो. बजेट असेल तर फक्त चौकाकडचा भाग तांब्याचा करा, बोळाकडच्या बाजूला नको, चोरीला जातो. झाळताना ज्योत लाकडाजवळ जाणार असेल तर दाबून बसवायची फिटिंग वापरायला सांगा.

अर्धं घर जुन्या जीआय लायनीवर आहे. पुढे तांबं जोडलं तर?

क्रम महत्त्वाचा. पाणी आधी जीआयमधून आणि मग तांब्यातून जात असेल तर एकवेळ चालतं. आधी तांबं आणि पुढे जीआय असा क्रम कधीच नको. पाण्यात उतरलेले तांब्याचे कण पुढे जीआयच्या जस्तावर बसतात आणि तिथे पाइपाला भोक पडेपर्यंत गंज चालतो. दोन धातू जिथे भेटतात तिथे पितळी किंवा वेगळं करणारं फिटिंग हवंच. खरं सांगायचं तर जीआय इतका जुना असेल तर त्याचं आयुष्य संपतच आलेलं असतं. एक नळ उघडून पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, लालसर निघालं तर निर्णय झाला.

प्लॅस्टिकच्या पाइपातून शिसं, केमिकल पाण्यात येतं का?

पीव्हीसी बनवताना शिशाचे क्षार वापरायची पद्धत होती. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दलचे नियम काढले. घेताना पाइपावर शिसेविरहित असं छापलेलं बघा. आयएस १०५०० मध्ये शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, सूट नाही. नव्या लायनीत सोल्यूशनचा वास येतो, तो पाणी भरपूर सोडून दिलं की जातो. वास जाईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

माल खरा आहे हे कसं ओळखायचं?

पाइपावर कंपनीचं नाव, माप, एसडीआर, आयएस क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक दर थोड्या अंतरावर छापलेले असतात. तो परवाना क्रमांक बीआयएस केअर (भारतीय मानक ब्यूरोच्या) अॅपमध्ये टाकला की कोणाचा आहे ते दिसतं. पाइप एका कंपनीचा आणि फिटिंग दुसऱ्याच कुठल्यातरी, असं मिसळलेलं घेऊ नका. फिटिंगवर पैसे वाचवायचा मोह जास्त होतो. कच्चं बिल घेतलं की वॉरंटी गेली. आणि वॉरंटी असली तरी ती बहुधा मालाची असते, प्लंबरच्या जॉइंटची नसते, फोडलेल्या टाइल्सची तर अजिबात नसते.

जीआय काढून प्लॅस्टिक घातलं. आणखी काही बघायचं राहतं का?

हो, अर्थिंग. जुन्या घरांत वायरमनने अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपालाच बांधलेली असते. तो पाइप काढून मध्ये सीपीव्हीसी घातला की अर्थिंग तुटतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दिवे-पंखे चालूच राहतात. गिझरच्या कॉइलला चीर गेली तर पाण्यातून शॉक बसतो. पाइप प्लॅस्टिकचा आहे म्हणून पाण्यातून करंट येणार नाही, असं नसतं. प्लंबर गेल्यावर त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा आणि तार तपासून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. लायनी तांब्याच्या असतील तर त्या अर्थिंगला जोडून घ्यायच्या असतात, तेही त्याच फेरीत होईल.